एक मिलिमीटरचे दोन कॅमेरे, चार तारा आणि हुकणारी सम

चारतारा
नमस्कार. पुण्यातील एका छोट्या गटात मी गेले आठ महिने नाक व सायनसच्या दुर्बिणीच्या टोकाशी बसणाऱ्या जोड-कॅमेऱ्यावर काम करत आहे. सगळे काम अजून टेबलावर आणि रबरी प्रतिकृतीवर चालते. रुग्णापर्यंत काहीही गेलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

टोकाशी शेजारी-शेजारी दोन सेन्सर आहेत. प्रत्येकाची बाजू एक मिलिमीटर, चित्र २५०×२५० बिंदूंचे, आणि दोन भिंगांच्या मध्यांतील अंतर १.२ मिलिमीटर. प्रत्येक सेन्सरला फक्त चार तारा आहेत: वीज, ग्राउंड आणि डेटाची जोडी. क्लॉक, म्हणजे कामाचा ठोका, देण्यासाठी पिन नाही, ‘आता फ्रेम सुरू कर’ असे सांगण्यासाठीही पिन नाही. सेन्सरच्या पोटातच ठोके देणारा एक ऑसिलेटर आहे आणि त्याच्या मनाला येईल त्या गतीने तो फ्रेम पाठवत राहतो.

डावे चित्र एकटे पाहिले तर उत्तम आहे, उजवेही उत्तम आहे. दोन्ही मिळून त्रिमितीय पडद्यावर पाहिली आणि समोरचा चिमटा स्थिर असला, तरीही उत्तम. पण चिमटा आडवा हलवला की त्याचे टोक कधी पुढे येते, कधी मागे जाते, मध्येच जागेवर बसते आणि पुन्हा पोहू लागते. हा खेळ साधारण दर सात सेकंदांनी पहिल्यापासून सुरू होतो. मोजून पाहिले तेव्हा डावा सेन्सर सेकंदाला ४४.०० फ्रेम देतो आणि उजवा ४४.१४, असे दिसले. ०.१४ चा फरक म्हणजे सात सेकंदांत एका पूर्ण फ्रेमची तफावत, हे गणित जुळते. पण उपाय सापडत नाही. पाचव्या तारेला नळीत जागा नाही. चार तारांतच या दोघांना एका तालात कसे आणावे?

उंटावरचा शहाणा
एक डोळा मिटून पाहावे. त्रास लगेच थांबेल.

बफरराव
यात अवघड काय आहे, हे मला समजले नाही. दोन्हीकडून आलेली फ्रेम मेमरीत साठवावी आणि पडद्याच्या गतीने दोन्हींतील ताजी फ्रेम एकाच वेळी बाहेर काढावी. मेमरी आज चण्याफुटाण्याच्या भावात मिळते. मग सेन्सर आपापल्या गतीने चालेनात का.

जुनी_वाहिनी
बफरराव, आपला उपाय आम्ही स्टुडिओत रोज वापरत होतो, म्हणून त्याची मर्यादाही सांगतो. मी दूरदर्शनमध्ये तांत्रिक विभागात तीस वर्षे काढली. स्टुडिओतील प्रत्येक कॅमेऱ्याला मुख्य सिंक जनरेटरकडून संदर्भ-संकेत जात असे आणि सर्व कॅमेरे त्याच ठोक्यावर चालत. मैदानावरून किंवा दुसऱ्या केंद्रावरून येणारे चित्र मात्र आमच्या ठोक्यावर नसे. ते फ्रेम सिंक्रोनायझर नावाच्या पेटीत साठवून आमच्या वेळेवर बाहेर काढले जाई. त्यामुळे मिक्सरवर, म्हणजे चित्रे निवडण्याच्या-मिसळण्याच्या यंत्रावर, चित्र लोळत नसे, एवढेच. मैदानावरचा क्षण जेव्हा टिपला गेला तेव्हाच टिपला गेला. त्याची वेळ पेटी बदलू शकत नाही. मैदानावरचे चित्र आणि स्टुडिओतील चित्र कोणी एकाच जोडीचे डावे-उजवे डोळे म्हणून वापरत नव्हते, म्हणून आमचे निभावले.

श्री. चारतारा यांच्या बाबतीत दोन्ही चित्रे टिपण्याचा क्षण एक हवा. साठवणीने फक्त दाखवण्याचा क्षण एक होतो.

लंबक
जुनी_वाहिनी काकांच्या मुद्द्याला जोड देतो, कारण चिमट्याचे हे ‘पोहणे’ भौतिकशास्त्रात शंभर वर्षे जुने आहे. धाग्याला वजन बांधून लंबक तयार करावा, तो आपल्यासमोर डावी-उजवीकडे झुलू द्यावा आणि एका डोळ्यासमोर काळ्या चष्म्याची काच धरून दोन्ही डोळ्यांनी पाहावे. सरळ रेषेत झुलणारा लंबक लंबवर्तुळात फिरताना दिसू लागतो. अंधारलेल्या डोळ्याचा संदेश मेंदूकडे काही मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि मेंदू त्या उशिराचा अर्थ ‘खोली’ असा लावतो. कार्ल पुल्फरिख यांनी १९२२ साली हे स्पष्ट केले. ते स्वतः एका डोळ्याने अधू असल्यामुळे त्यांना हा चमत्कार कधी पाहता आला नाही, ही त्यातील हळहळ लावणारी गोष्ट.

आता आपले आकडे घालून पाहू. ४४ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे २२.७ मिलिसेकंद. वाईटात वाईट तफावत अर्ध्या फ्रेमची, म्हणजे ११.४ मिलिसेकंद. चिमटा सेकंदाला ५० मिलिमीटर या वेगाने आडवा जात असेल, तर तेवढ्या वेळात तो ०.५७ मिलिमीटर सरकतो. भिंगांतील अंतरच १.२ मिलिमीटर आहे. चिमटा खरोखर २० मिलिमीटरवर असेल, तर एका दिशेने जाताना तो सुमारे ३८ मिलिमीटरवर दिसेल आणि परतताना १३.६ मिलिमीटरवर. दोन भिंगे जितकी जवळ, तितकी ही चूक मोठी. त्यामुळे टोक लहान करण्याच्या नादात आपण समक्रमणाची गरज वाढवून ठेवली आहे.

कानाडोळा
मी नाक-कान-घसा तज्ज्ञ आहे, टोपणनाव त्यावरूनच घेतले आहे. लंबक यांचे दोन आकडे वाचून अंगावर काटा आला. सायनसच्या शस्त्रक्रियेत एका बाजूला डोळ्याची खोबण आणि वरच्या बाजूला मेंदूचा तळ असतो, आणि मधली हाडे काही ठिकाणी कागदासारखी पातळ असतात. १३ आणि ३८ हा फरक तर सोडाच, तिथे दोन मिलिमीटरचा फरकही मला परवडत नाही. साध्या दुर्बिणीत खोली दिसत नाही हे मला ठाऊक असते, म्हणून मी हाताच्या अंदाजाने आणि सावल्यांवरून काम करते. खोटी खोली दाखवणारे यंत्र मात्र माझा तो अंदाजही बिघडवील.

सिलिकॉनकर
मी नेदरलँड्समध्ये अशाच सेन्सरांच्या रचनेत काम केले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम, क्लॉकची पिन का नाही? सहज मिळणाऱ्या अगदी लहान क्वार्ट्‌झ क्रिस्टलची डबीसुद्धा १.२×१ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या सेन्सरएवढी. शिवाय तीन मीटर बारीक केबलमधून वेगवान क्लॉक टोकापर्यंत नेला, तर तो शेजारच्या तारेत शिरतो, बाहेर लहरी फेकतो आणि स्वतःही विस्कटतो. त्यामुळे चिपच्या आतच रिंग ऑसिलेटर ठेवतात. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरील फुंशालच्या अवाइबा या कंपनीचा नॅनआय हा चौरस मिलिमीटरचा सेन्सर याच वाटेने गेला. २०१९ साली गिनीज बुकात सर्वात लहान म्हणून नोंदला गेलेला ओम्निव्हिजनचा सेन्सर ०.५७५ मिलिमीटर बाजूचा आहे आणि त्यालाही जोडण्या चारच आहेत. इतक्या लहान जागेत प्रत्येक जोडणीसाठी बिंदूंची जागा द्यावी लागते.

दुसरे, ‘समक्रमण’ हा एक शब्द असला तरी इथे त्याचे तीन मजले आहेत. सर्वात खाली बिट: २५० गुणिले २५० बिंदू, प्रत्येक बिंदूला सुरुवात-शेवटच्या खुणांसह १२ बिट, गुणिले ४४, म्हणजे सेकंदाला ३ कोटी ३० लाख बिट. यासाठी मँचेस्टर पद्धतीचे संकेतन वापरतात, ज्यात प्रत्येक बिटात किमान एक बदल हमखास असतो आणि त्या बदलांवरूनच पलीकडचे एफपीजीए (हवी तशी जुळवता येणारी चिप) सेन्सरचा क्लॉक ओळखून घेते. त्यावर ओळ, आणि त्यावर फ्रेम. खालचे दोन मजले तुमचे ठीक आहेत, नाहीतर एकेकटे चित्रही नीट दिसले नसते. बिघाड तिसऱ्या मजल्यावर, दोन सेन्सरांच्या मध्ये आहे.

तिसरे, उपाय. रिंग ऑसिलेटरची गती पुरवठ्याच्या व्होल्टेजवर अवलंबून असते. रचनाकाराच्या दृष्टीने हा दोष, पण तुमच्यासाठी तोच लगाम आहे. वीज वाढवली की फ्रेम जलद येतात, कमी केली की सावकाश. दोन्ही सेन्सरांच्या फ्रेमच्या सुरुवातीची वेळ एफपीजीएमध्ये मोजा, फरक काढा, आणि उजव्याची वीज त्या फरकानुसार किंचित वर-खाली करा. पाचवी तार लागत नाही, पहिलीच तार दुसरे काम करते. हा माझा शोध नाही. नॅनआयच्या जोड-कॅमेऱ्यासाठी हाच मार्ग वापरला गेला आहे आणि त्यावर शोधनिबंधही आहेत.

चारतारा
सिलिकॉनकर साहेब, मनःपूर्वक आभार. आत्ताच वीज बदलून मोजले. माझ्या सेन्सरमध्ये १० मिलिव्होल्टला सुमारे ०.२८ फ्रेमचा फरक पडतो. म्हणजे माझी ०.१४ ची तफावत केवळ ५ मिलिव्होल्टची आहे! पण मग मूळ प्रश्न उलटाच पडतो. दोन्ही सेन्सर एकाच रेग्युलेटरवर आहेत. हे ५ मिलिव्होल्ट आले कुठून?

सोल्डरगन
दोन्ही केबल एकाच लांबीच्या आहेत का? पट्टी लावून मोजा. डोळ्यांनी सांगू नका.

चारतारा
सोल्डरगन, लाज वाटते लिहायला. डावी केबल ३ मीटर आहे. उजवी २ मीटर ७८ सेंटिमीटर निघाली. एकदा टाका सुटला म्हणून कापून पुन्हा जोडली होती.

सोल्डरगन
मग हिशेब पाहा. ०.१ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार मीटरला सुमारे २.२ ओहम. २२ सेंटिमीटर जाऊन-येऊन ४४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १ ओहम. सेन्सर ५ मिलिअँपिअर घेत असेल तर ५ मिलिव्होल्ट. उजव्याला तेवढी वीज जास्त मिळते, म्हणून तो पुढे पळतो. तुमचा चोर सापडला.

मी पंचवीस वर्षे दुर्बिणी दुरुस्त करतो आणि केबलच्या लांबीने मला अनेकदा असेच फसवले आहे. एका गावातील रुग्णालयातून एक जुनी सीसीडीची (जुन्या प्रकारच्या सेन्सरची) दुर्बीण आली होती. तक्रार अशी की चित्र दिसते, पण आतड्याचे अस्तर गुलाबीऐवजी मातकट-हिरवट दिसते आणि उभ्या कडा पुसट होतात. डॉक्टरांनी दिवा बदलला, प्रोसेसर बदलला, फरक नाही. उघडून पाहिले तर आधी कोणीतरी आतली केबल बदलताना मूळ लांबीपेक्षा मोठी घातली होती. सीसीडीला बिंदू बाहेर काढण्याचे ठोके प्रोसेसरकडून जातात आणि चित्र परत येते, म्हणजे केबलचा उशीर दोनदा लागतो. मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद धरले तर एक मीटर जादा केबलचा उशीर १० नॅनोसेकंद. साडेतेरा मेगाहर्ट्‌झवर एका बिंदूला मिळतात ७४ नॅनोसेकंद, आणि त्यातील स्थिर भाग याहून बराच लहान. प्रोसेसर चुकीच्या जागी मोजमाप घेत होता, शेजारच्या बिंदूचा रंग या बिंदूत मिसळत होता. केबल योग्य लांबीची घातली आणि अस्तर गुलाबी झाले.

जुनी_वाहिनी
सोल्डरगन, अगदी हेच आम्ही रंगाच्या बाबतीत भोगले. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले तेव्हा कृष्णधवल काळातील सवयी मोडाव्या लागल्या. पाल या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीत रंगाची माहिती वाहणारी उपवाहक लहर ४.४३ मेगाहर्ट्‌झची, म्हणजे एक फेरा सुमारे २२६ नॅनोसेकंदांचा. एक मीटर केबल म्हणजे ५ नॅनोसेकंद, म्हणजे जवळजवळ आठ अंश. दोन कॅमेऱ्यांच्या केबलमध्ये दोन-तीन मीटरचा फरक असला, की मिक्सरवर त्यांचा मेळ बसत नसे. आमच्याकडे केबलची वेटोळी उगाच भिंतीवर टांगलेली दिसत. पाहुण्यांना वाटे की पसारा आहे, पण तो मोजून-मापून टांगलेला उशीर असे.

माहेरवाशीण
विषयाला थोडा फाटा फोडते, रागावू नका. माझ्या सासऱ्यांना मागील वर्षी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली होती. तिला तर एकही तार नाही. ती समक्रमण कसे सांभाळते?

सिलिकॉनकर
माहेरवाशीण ताई, प्रश्न विषयातच आहे. कॅप्सूल एकटी असते, तिला दुसऱ्या कॅमेऱ्याशी ताल जुळवायचा नसतो. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली कॅप्सूल सुमारे २६×११ मिलिमीटरची होती आणि सेकंदाला दोन चित्रे पाठवत असे. आठ तासांचे धरले तर सत्तावन्न हजारांवर चित्रे होतात. प्रत्येक चित्र रेडिओवरून स्वतंत्र पुडक्यासारखे जाते. पुडक्याच्या सुरुवातीला ठरावीक खूण असते, कमरेच्या पट्ट्यावरील ग्राहक ती खूण ओळखून आपला ठोका लावून घेतो आणि पुडके संपले की विसरतो. एखादे पुडके हरवले तर अर्ध्या सेकंदाने पुढचे येतेच. मोठ्या आतड्याच्या नंतरच्या कॅप्सूलमध्ये मात्र दुतर्फा संवाद आला: कॅप्सूल वेगाने सरकत असेल तर गती ३५ फ्रेमपर्यंत वाढते, रेंगाळत असेल तर ४ वर येते.

उंटावरचा शहाणा
म्हणजे कॅप्सूल एकटीच भजन म्हणते, टाळकऱ्यांची भानगड नाही. श्री. चारतारा यांच्याकडे मात्र दोन टाळकरी आहेत आणि बुवा रजेवर आहेत.

तिरकीट
उंटावरच्या शहाण्याने थट्टेत खरे सांगितले. मी विजेतले काही जाणत नाही, तबला वाजवतो. पण सोल्डरगन यांनी केबल सारखी करायला सांगितली तिथे मला एक शंका आहे. दोन वादकांची लय सारखी असणे आणि दोघे समेवर एकत्र येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोघेही नेमक्या एकाच लयीत तीनताल वाजवत असले, पण एकाने दोन मात्रा उशिरा सुरुवात केली असेल, तर ते जन्मभर दोन मात्रांच्या अंतराने समेवर येत राहतील. केबल सारखी केल्याने लय जुळेल. सम जुळेल का?

सिलिकॉनकर
तिरकीट, आपण जे लिहिले ते माझ्या नव्या सहकाऱ्यांना समजावायला मला अर्धा तास लागतो. अगदी बरोबर. केबल सारखी करणे आवश्यकच आहे, कारण तफावत जितकी लहान तितके लगामाला काम कमी. पण सम जुळवायची तर मुद्दाम लय बिघडवावी लागते: उजवा मागे असेल तर त्याला क्षणभर किंचित जलद पळवायचे आणि समेवर आला की पुन्हा मूळ लयीत आणायचे. शिवाय टोकाशी दिवा आहे, तो तापतो, दोन सेन्सर सारखे तापत नाहीत आणि तापमानानेही ऑसिलेटरची गती बदलते. त्यामुळे एकदा जुळवून सोडून देता येत नाही. लगाम सतत हातात हवा.

दोन सावधगिरीच्या सूचना. वीज फ्रेमच्या मध्येच बदलली तर त्या ओळीपासून पुढे चित्राचा काळेपणा बदलतो आणि आडवा पट्टा दिसतो; म्हणून बदल फक्त दोन फ्रेममधल्या रिकाम्या वेळेत करा. आणि लगाम फार जोरात ओढू नका. फरक दिसताच मोठा धक्का दिला तर उजवा समेच्या पुढे निघून जाईल, मग मागे खेचावा लागेल, आणि दोलन सुरू होईल.

बफरराव
माझा आधीचा सल्ला मागे घेतो. पण एक विचारतो: प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का मारून, मधल्या क्षणाचे उजवे चित्र गणिताने तयार करता येणार नाही का? मोबाइलमधील कॅमेरे असे करतातच.

कानाडोळा
बफरराव, डॉक्टर म्हणून माझा याला विरोध आहे. गणिताने तयार केलेल्या चित्रात न टिपलेली गोष्ट दिसू शकते किंवा टिपलेली गोष्ट पुसली जाऊ शकते. चिमट्यामागून अचानक उडालेली रक्ताची चिळकांडी मधल्या क्षणी कुठे होती, हे गणिताने कसे ठरवणार? मला जे दिसते ते कॅमेऱ्याने पाहिलेले असावे, एवढी माझी माफक अपेक्षा आहे.

याच संदर्भात एक जुनी आठवण. शिकत असताना आमच्या पोटाच्या दुर्बिणीच्या खोलीत रंगांच्या पाळीचे यंत्र होते. दिव्यासमोर लाल, हिरव्या, निळ्या काचांचे चाक फिरे, टोकाचा सेन्सर कृष्णधवल असे आणि तीन लागोपाठच्या चित्रांतून एक रंगीत चित्र बने. रुग्ण खोकला किंवा पाण्याची पिचकारी मारली की कडांना लाल-निळ्या झालरी फुटत. आम्ही सवयीने त्या झालरींकडे, माझ्या टोपणनावाप्रमाणे, कानाडोळा करत असू. तिन्ही रंग वेगवेगळ्या क्षणी टिपलेले होते, हे आता लंबक यांच्या उत्तरामुळे नीट समजले.

सोल्डरगन
डॉक्टर, त्या चाकाला दोन रंगांच्या मध्ये अपारदर्शक भाग असे आणि सेन्सर रिकामा करण्याचे काम नेमके तेवढ्या अंधारात उरकावे लागे. चाकाची मोटर आणि सेन्सरचे ठोके यांत फरक पडला, की एका रंगाचा थोडा प्रकाश दुसऱ्या रंगाच्या चित्रात शिरे. मोटरच्या बेअरिंगमध्ये सुकलेले ग्रीस हे कारण मी स्वतः दोनदा पाहिले आहे.

श्री. चारतारा यांना त्यावरून एक प्रश्न: तुमचा एलईडी कमी-जास्त कसा करता?

चारतारा
झपझप चालू-बंद करून, साधारण १० किलोहर्ट्‌झवर. आणि हो, मंद प्रकाशात चित्रावर फिकट आडवे पट्टे सावकाश वर चढताना दिसतात. मला तो केबलचा गोंगाट वाटत होता.

सोल्डरगन
गोंगाट नाही. तुमचा सेन्सर ओळीमागून ओळ असे चित्र टिपतो. २५० ओळी, ४४ फ्रेम, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ हजार ओळी. दिवा १० हजार वेळा लुकलुकतो. काही ओळींच्या वाट्याला एक लुकलुक जास्त येते, काहींच्या कमी. एकतर एलईडीचा प्रवाहच सलग ठेवून कमी-जास्त करा, किंवा दिव्याचा ठोका सेन्सरच्या ओळींच्या ठोक्यावरूनच काढा. एकाच घरात तीन घड्याळे नकोत.

लंबक
स्वरयंत्राच्या तपासणीत हेच मुद्दाम उलटे वापरतात, हे डॉक्टरांना ठाऊक असेल. स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतात. दिव्याची झपक त्या थरथरीच्या जवळपासच्या, पण किंचित वेगळ्या गतीने मारली, की थरथर संथ लाटेसारखी दिसते. मात्र तिथेही प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सारख्या झपका आल्या नाहीत तर चित्र मिणमिणते.

कानाडोळा
होय, आणि रुग्णाने ‘ई’ म्हणताना सूर बदलला की सगळे विस्कटते. पण मूळ मुद्द्यावर या. श्री. चारतारा, एक गोष्ट विसरू नका. खऱ्या शस्त्रक्रियेत मी कॉटरी, म्हणजे विजेने जाळून रक्तस्राव थांबवणारे उपकरण, वापरते. काही शे किलोहर्ट्‌झची ती ऊर्जा तुमच्या केबलच्या शेजारून जाते. आमच्या जुन्या यंत्रावर पेडल दाबले की पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटत असे आणि पेडल सोडेपर्यंत मी हात जागेवर स्थिर ठेवून वाट पाहत असे. तुमचा लगाम त्या मुंग्यांत काय करील?

चारतारा
पाच आठवड्यांनी परत येत आहे, क्षमस्व. केबल सारख्या केल्या, वीज बदलण्यासाठी आकड्याचे व्होल्टेज करणारा १२ बिटांचा रूपांतरक घातला आणि त्याचा आवाका केवळ २०० मिलिव्होल्ट ठेवला, त्यामुळे एक पायरी ०.०५ मिलिव्होल्टची मिळाली. बदल फक्त रिकाम्या वेळेत होतो. एलईडी सलग प्रवाहावर नेला, पट्टे गेले.

निकाल असा की सुरू केल्यावर चार सेकंदांत दोन्ही सेन्सर समेवर येतात आणि नंतर तफावत दोन ओळींच्या आत, म्हणजे सुमारे १८० मायक्रोसेकंदांत राहते. लंबक यांच्या चिमट्याच्या हिशेबाने ते ०.००९ मिलिमीटर होतात. रबरी नाकात चिमटा आडवा हलवला. टोक जागेवर राहिले. तिघांनी पाहिले आणि तिघांनाही काही विशेष दिसले नाही, इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

डॉक्टरांच्या सूचनेवरून जवळ कॉटरीचे यंत्र आणून चिकनच्या तुकड्यावर चालवले. पहिल्या प्रयत्नात सपशेल आपटलो. गोंगाटात फ्रेमची सुरुवात चुकीच्या जागी ओळखली गेली, लगामाने ती खरी मानून उजव्याला भलतीकडे पळवले आणि पेडल सोडल्यावरही खोली पुन्हा जुळायला तीन सेकंद लागले. आता फ्रेमची सुरुवात अपेक्षित वेळेपासून चार ओळींहून दूर आली, तर ती खोटी समजून वीज आहे तिथेच गोठवतो. दोन-तीन सेकंदांच्या कॉटरीत गोठलेले सेन्सर फार सरकत नाहीत आणि नंतर लगेच जुळतात. खोटी समजलेली सुरुवात एकाच जागी सलग दोन सेकंद टिकली, तर मात्र तिलाच खरी धरून पुन्हा पहिल्यापासून जुळवणी करतो.

जुनी_वाहिनी
अभिनंदन. गोठवण्याची युक्ती योग्य आहे. आमचे सिंक जनरेटरही बाहेरचा संदर्भ गेला की शेवटच्या ठोक्यावर चालत राहत. पण आमच्या वरिष्ठांनी मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विचारलेला प्रश्न आपल्याला विचारतो: जुळवणी तुटलेली असताना आपण पडद्यावर काय दाखवता?

चारतारा
काका, सध्या जे येते तेच दाखवतो.

कानाडोळा
ते चालणार नाही. जुळवणीची खात्री नसेल त्या क्षणी दोन्ही डोळ्यांना डावेच चित्र द्या. खोली नाहीशी होईल, मी जुन्या सवयीने काम करीन. चुकीच्या खोलीपेक्षा खोली नसलेली मला शंभरदा पत्करेल. मात्र ती नाहीशी झाली आहे हे मला कळले पाहिजे.

बफरराव
यात माझी मेमरी उपयोगी पडेल. अदलाबदल फ्रेमच्या सीमेवर करा, म्हणजे चित्र अर्धे एक, अर्धे दुसरे असे फाटणार नाही.

चारतारा
दोन्ही गोष्टी आजच करतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका दाखवला तर चालेल का, डॉक्टर?

कानाडोळा
पिवळा ठेवा. लाल रंग माझ्या पडद्यावर आधीच पुरेसा असतो.